माया : कोशातली आणि घरातली

मराठीत ‘माया’ हा शब्द निदान चार ठिकाणी भेटतो. कीर्तनात माया म्हणजे भूल, खरे भासणारे पण खरे नसलेले जग. वर्तमानपत्रात माया म्हणजे पैसा, आणि तोही बहुधा वाकड्या वाटेने आलेला. लाच घेताना सापडलेल्या अधिकाऱ्याने ‘बक्कळ माया जमवली’ अशी बातमी असते. शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड. आणि घरात माया म्हणजे आजीची माया, आत्याची माया, थोरल्या भावाची माया.

पहिल्या अर्थावर शतकानुशतके भाष्ये झाली. दुसऱ्यावर रोज मथळे होतात. तिसरा शिंप्यांपुरता राहिला. चौथा अर्थ मात्र इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे आम्हाला तिथे थांबावे लागते. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला जो शब्द सहजासहजी पलीकडे नेता येत नाही, त्याची ओळख त्याला नीट करून घ्यावीच लागते.

बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिकांनी हा प्रश्न केव्हाच मिटवून टाकलेला असतो. ‘माया – प्रेम’ असे समानार्थी शब्दांच्या यादीत छापलेले असते. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी त्यापुढे स्वतःच्या हाताने ‘मोहब्बत’ लिहितो आणि विषय संपतो. पण एक साधी कसोटी लावून पाहावी. ‘आजी नातवावर माया करते’ हे वाक्य सरळ आहे. ‘नातू आजीवर माया करतो’ म्हटले की कान अडखळतो. ‘प्रेम करतो’ म्हटले तर अडखळत नाही. म्हणजे मायेला दिशा आहे. ती मोठ्याकडून लहानाकडे, सबळाकडून दुबळ्याकडे, घरच्याकडून दारात आलेल्याकडे जाते. गाईगुरांवर माया करता येते, परसातल्या रोपावर करता येते, कामावरच्या पोरावर करता येते. साहेबावर माया करता येत नाही.

उलट दिशेने जाणाऱ्या भावनेसाठी मराठीने वेगळा शब्द ठेवला आहे. तो म्हणजे लळा. लेकराला आजीचा लळा लागतो, मांजराला माणसाचा लळा लागतो. दोन्हीकडून सारखा वाहतो तो जिव्हाळा. ‘वात्सल्य’ अर्थाने मायेच्या जवळचे. वत्स म्हणजे वासरू, त्यावरून आलेले. पण ते पुस्तकात राहते, स्वयंपाकघरात फारसे येत नाही. ‘प्रेम’ या शब्दाला तर सिनेमाने तरुण-तरुणींच्या हवाली करून टाकले आहे.

क्रियापदांकडेही पाहावे. प्रेम जडते, प्रेम बसते. ते आपोआप होते. माया मुख्यतः ‘करतात’ आणि ‘लावतात’. तिच्यात कृती आहे, श्रम आहेत. म्हणूनच ती ‘आटते’, ‘पातळ होते’, ‘तुटते’. करणाऱ्याने हात आखडता घेतला की कमी होणारी ही गोष्ट आहे. ‘दयामाया न दाखवता’ असे आपण म्हणतो तेव्हा माया दाखवणे हे ताकद असलेल्या माणसाचे काम आहे, हेच गृहीत धरलेले असते.

आता उर्दूकडे वळू. दिशा असलेले प्रेम उर्दूलाही ठाऊक आहे. तिथे त्याला ‘शफकत’ म्हणतात. मोठ्याने लहानाच्या डोक्यावर ठेवायचा तो ‘शफकत का हाथ’. मराठीतला मायेचा हात तो हाच. या अरबी शब्दाच्या मुळाशी धास्तीचा अर्थ आहे. समोरच्याचे काही वाईट तर होणार नाही ना, या भीतीतून आलेली कणव म्हणजे शफकत. पण उर्दूने या भावनेची वाटणी केली आहे. शफकत बहुधा बापाची, उस्तादाची, बुजुर्गांची. आईसाठी ‘ममता’, जिला बोलताना ‘मामता’ म्हणतात. बापाची मामता कोणी म्हणत नाही. मराठीत ही वाटणी नाही. आईची माया, बापाची माया, मास्तरांची माया, शेजारच्या काकूंची माया, सगळीकडे शब्द एकच. म्हणून आम्ही वर्गात ‘माया’ शिकवताना फळ्यावर एक नव्हे तर दोन शब्द लिहितो, शफकत आणि मामता. मध्ये बेरजेचे चिन्ह काढतो.

तरीही घोटाळा होतोच, कारण उर्दूच्या घरातही ‘माया’ नावाचे पाहुणे आधीच बसलेले असतात. एक ‘माया’ हिंदीच्या वाटेने आलेली, तिचा अर्थ धनदौलत. दुसरी फारसीतून आलेली, तिचा अर्थ भांडवल, मूळ पुंजी. ‘सरमाया’ म्हणजे भांडवल आणि ‘मायानाज’ म्हणजे अभिमान वाटावा असा, हे शब्द आमच्या मुलांना पाचवी-सहावीत माहीत झालेले असतात. (फारसीत याच शब्दाचा आणखी एक अर्थ विरजण असाही आहे.) फारसी माया आणि संस्कृत माया ही दोन वेगळ्या घरांची नावे आहेत. पण मुलाला मूळ कोठे दिसते? त्याला ऐकू येते तेवढेच. त्यामुळे ‘आजीची माया’ या शीर्षकाखाली आजीने ट्रंकेत साठवलेल्या पैशांवर निबंध लिहिलेला आम्ही तपासलेला आहे.

असाच एकदा वर्गात वाद झाला. ‘सर, माया तो पैसे कू बोलते ना?’ असे एका मुलाने विचारले. आम्ही उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, ‘नै रे, मेरी दादी बोलती ना, तेरेकू मेरेपे मायाच नै.’ वर्ग हसला. पण उत्तर बरोबर होते. मुलाच्या पाठ्यपुस्तकातल्या उर्दूत नसलेला अर्थ त्याच्या दादीच्या दखनीत होता.

आणि तो तिथे काल-परवा आलेला नाही. जुन्या दखनीत ‘मया’ हा शब्द कृपा, लोभ, कणव या अर्थाने येतो. छत्तीसगढीत ‘मया’ म्हणजे प्रेम. बंगालीत ‘माया’ म्हणजे कणव मिसळलेली ओढ. नेपाळीत तर प्रियकर-प्रेयसीसुद्धा एकमेकांवर ‘माया’च करतात. दख्खनपासून नेपाळपर्यंत बोलींनी हा अर्थ जपला, पण प्रमाण हिंदी आणि प्रमाण उर्दू या दोघींनीही तो जवळजवळ सोडून दिला. तेव्हा ‘माया’ हा मराठी हिंदू घरातला शब्द आणि ‘शफकत’ हा मुसलमान घरातला, अशी जी वाटणी आपल्याकडे नकळत केली जाते, तिला इतिहासाचा आधार नाही. दादी हा शब्द उसना आणून वापरत नव्हती. तो तिचाच होता. तिच्या नातवाला तो परका वाटू लागला, हे मात्र आमच्या शिक्षणाचे कर्तृत्व आहे.

येथे एक प्रश्न उरतो. भूल, भास, फसवणूक असा ज्याचा अर्थ, तोच शब्द आजीच्या प्रेमाला का लागला?

व्युत्पत्तीचे उत्तर असे की संस्कृत ‘माया’ ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून सांगतात, आणि मराठी ‘माय’ ही ‘माता’पासून आलेली. मुळे वेगळी. पण मराठी कानाला माय आणि माया एकाच घरातल्या वाटल्या. ‘आहे का कोणी मायेचा पूत?’ असे आव्हान देताना आपण मायचा की मायेचा हे पाहत नाही.

हे उत्तर चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. कारण मराठीने हा प्रकार एकाच शब्दाबाबत केलेला नाही. ‘लोभ’ हा षड्रिपूंपैकी एक. तरी जुन्या वळणाची पत्रे ‘लोभ असावा ही विनंती’ अशीच संपत. ‘ममता’ म्हणजे मूळ अर्थाने माझेपणा. तत्त्वज्ञान ज्याचा त्याग करायला सांगते ते. पण घरात ममता हा गुण आहे. धर्मग्रंथांनी ज्या ज्या शब्दांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांना मराठी घराने निर्दोष सोडून पाटावर बसवले.

संतसाहित्यात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी दिसतात. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदीचे मोठे रूपक दिले आहे. ती नदी भल्याभल्यांना पार करता येत नाही. सतराव्या शतकातल्या संतकवी शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’त विकारांशी युद्धच मांडलेले आहे. म्हणजे ग्रंथात माया शत्रुपक्षात. पण लोकांनी त्याच ज्ञानेश्वरांना नाव दिले ‘माउली’. आजही पंढरीच्या वाटेवर अनोळखी पुरुष एकमेकांना माउली म्हणून हाक मारतात. माया तरून जा असे सांगणाऱ्यालाच लोकांनी माय केले. यात विसंगती आहे असे आम्हाला वाटत नाही. नदी खोल आहे हे काठावरच्या माणसाला पक्के ठाऊक असते, तरी पाणी भरायला तो तिथेच जातो. लेकरू मोठे होईल, दूर जाईल, विसरेलही, हे आजीला कळत नाही असे थोडेच आहे? ते कळूनही ती माया करते. भुलीचा अर्थ शब्दातून पुसला गेलेला नाही. तो मागे उभा आहे, आणि त्यामुळेच ‘प्रेम’ या शब्दात नसलेली एक कळ ‘माया’ या शब्दात आहे.

शिंप्याची माया या अर्थाला फार जवळची आहे. आमच्या समाजात शिलाईवर चालणारी घरे पुष्कळ, त्यामुळे हा शब्द आम्ही पुस्तकाआधी मशीनपाशी ऐकला. ईदसाठी वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवायचा तर शिवणीत आणि घेरात माया ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही. पुढच्या वर्षी मुलगी वाढली की टाके उसवून फ्रॉक मोठा करता येतो. मापाने शिवलेल्या कपड्यात मापाबाहेरचे राखून ठेवलेले कापड म्हणजे माया. समोरचा उद्या आजच्यासारखा राहणार नाही, हे मान्य करून आजच केलेली ही सोय आहे.

हा अर्थ हाताशी ठेवला की आपल्या वाङ्मयातली मायेची चित्रे वेगळी दिसू लागतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ हे मायेचे पुस्तक म्हणून ओळखले जाते, ते योग्यच आहे. पण पुढे त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यातले अश्रू तेवढे उचलले. श्यामची आई रडते तशी मारतेही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर पाठवते. उद्या लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये, यासाठी आजचा मार. ही वाढीसाठी राखलेली जागा आहे. हा भाग गाळला की उरते ती ‘मायेची ऊब’, ‘मायेचा ओलावा’, ‘मायेची पाखर’ अशी तयार शब्दांची माळ. आईवरच्या कविता आणि गौरव समारंभांतली भाषणे त्यावरच चालतात. तिथे माया करणारी बाई नेहमी थकलेली, सोसणारी आणि मुकी असते. जणू बाईने सोसणे हाच मायेचा पुरावा. वर म्हटल्याप्रमाणे मराठीने हा शब्द बापालाही दिला, मास्तरालाही दिला. आपल्या लेखकांनी तो पुन्हा आईच्या पदराला बांधून टाकला.

मायेचे आम्हाला सर्वांत खरे वाटणारे चित्र मराठीतले नाही, बंगालीतले आहे. रवींद्रनाथांची १८९२ सालची ‘काबुलीवाला’. मराठी वाचकाला ती अनुवादातून आणि चित्रपटातून परिचित आहे. सुकामेवा विकणारा रहमत कलकत्त्यात मिनी या लहान मुलीवर माया करतो. उधारीवरून झालेल्या भांडणात सुरा चालवून तुरुंगात जातो आणि सुटून येतो तो नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी. त्याच्या खिशात एक कागद असतो. त्यावर त्याच्या स्वतःच्या मुलीच्या हाताचा काजळीने उठवलेला ठसा.

या कथेची चर्चा बहुधा ‘मुसलमान पठाण आणि हिंदू मुलगी यांच्यातली माणुसकी’ एवढ्यावर थांबते. आम्हाला तो ठसा महत्त्वाचा वाटतो. रहमतने मुलीचे माप जवळ ठेवले, पण त्या मापात वाढीला जागा नव्हती. कागदावरचा हात तेवढाच राहिला आणि मुली वाढल्या, मिनीही आणि डोंगरापलीकडची त्याची स्वतःचीही. नवरीच्या वेषातली मिनी पाहून त्याला हे एकदम कळते. मिनीने आपल्याला ओळखावे, तिला जुने सगळे आठवावे, असा हक्क तो सांगत नाही. माया परतफेड मागत नाही हे येथे भाषणाशिवाय कळते. आणि मिनीचा बाप? तो लग्नातली रोषणाई आणि बँड कमी करून त्या पैशांनी रहमतला त्याच्या मुलीकडे पाठवतो. घरातल्या बायका नाराज होतात, तरी पाठवतो. एका बापाने दुसऱ्या बापावर केलेली ही माया आहे, आणि ती ‘करावी’ लागली, तिला खर्च आला. ‘रहमत’ या नावाच्या अरबी धातूतूनच गर्भाशयासाठीचा ‘रहिम’ हा शब्द येतो. मायेत माय आणि रहमतमध्ये कूस. दोन दूरच्या भाषांनी कणवेचे घर एकाच ठिकाणी शोधलेले आहे.

आता आमच्या स्वतःच्या लेखनाकडे पाहणे भाग आहे. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे त्या चळवळीने ठामपणे सांगितले. आज ते कोणाला पटवून द्यावे लागू नये, पण लागते. तरीही आमच्या कथा-कवितांत एक अवघडलेपण उरले आहे. कथेतली अम्मी भाकरी थापताना मराठीत बोलते. पण लेकराला जवळ घेण्याचा प्रसंग आला की लेखक तिच्या तोंडी ‘मोहब्बत’, ‘ममता’ असे भरजरी शब्द घालतो. मुसलमान पात्राची ओळख पटावी म्हणून. पाठोपाठ कंसात मराठी अर्थ. आमच्या खेड्यापाड्यातल्या किती अम्मा असे बोलतात? त्या ‘माया’च म्हणतात, कधी ‘जीव लावला’ म्हणतात. उर्दूपण सिद्ध करण्यासाठी त्यांची बोली पुसणे आणि मराठीपण सिद्ध करण्यासाठी ती पुसणे, दोन्हींत पुसली जाते तीच.

दुसऱ्या बाजूला मराठी कथा-चित्रपटांतला ठरावीक चाचा. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, नायकाच्या मुलावर माया, आणि शेवटी त्याच मुलासाठी मरण. हा चाचा माया करतो, पण त्याच्यावर माया कोण करतो, हे दाखवायला कथेत जागा नसते. माया ही वरून खाली येणारी गोष्ट आहे हे ध्यानात घेतले तर या पात्राला मोठेपण दिल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्याला वयाचे मोठेपण मिळते, जगण्याचे मिळत नाही. असे पात्र गोड असले तरी आम्ही ते नाकारले पाहिजे.

दिशेचा हा मुद्दा साहित्याबाहेरही लागू आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी योजना आणली, तिचे नाव ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’. योजनेच्या गुणदोषांचा विचार येथे करायचा नाही. विचार शब्दाचा आहे. ‘लाडकी’ हाही वरून खाली येणारा शब्द आहे. घरात तो शोभतो, कारण घरात लाड बंद झाले तर रुसता येते. शासनाच्या दारात रुसून भागत नाही, तिथे कागद दाखवावा लागतो. अल्पसंख्याकांविषयी बोलतानाही ‘आम्ही तुम्हाला आपलेच मानतो, तुमच्यावर मायाच करतो’ असा प्रेमळ सूर पुष्कळदा ऐकू येतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण नागरिकाला राज्याकडून आणि शेजाऱ्यांकडून हवा असतो तो हक्क. माया त्याच्या नंतर, त्याच्या वर. हक्काच्या जागी माया आली की ती पातळ होण्याची भीती घेऊनच जगावे लागते.

शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी त्याआधीपासूनच होती. सक्तीने भाषा वहीत येते. ती तोंडात येण्यासाठी ती आपल्या घरातही बोलली जात होती, हे मुलाला कळावे लागते. म्हणून आता आम्ही ‘माया’ शिकवताना समानार्थी शब्द आधी देत नाही. मुलांना घरी जाऊन दादीला, नानीला, फुप्पूला विचारायला सांगतो, की माया म्हणजे काय, तुम्ही हा शब्द कधी वापरता? दुसऱ्या दिवशी वह्यांत जी वाक्ये येतात त्यांचे शुद्धलेखन दुरुस्त करावे लागते. अर्थ बहुतेक वेळा दुरुस्त करावा लागत नाही.